भीमथडी : घाटमाथ्याचे तट्टू

कूळ : भीमा खोऱ्यातली देशी तट्टे आणि समुद्रमार्गे आलेले अरबी, तुर्की घोडे यांच्या संकरातून.

ठाण्याचा संबंध : तेराव्या शतकात भारतात घोड्यांची मोठी आयात होई. मार्को पोलो सांगतो, ठाणे बंदरातल्या चाच्यांनी समुद्रात लुटलेले घोडे तिथल्या राजाचे, बाकी माल चाच्यांचा.

बांधा : बुटका, काटक, चढणीला पक्का, मिळेल त्या चाऱ्यावर भागवणारा.

काम : पूर्वी मराठ्यांच्या घोडदळात, आज धनगरांच्या वाड्यासोबत, म्हणजे फिरत्या तांड्यासोबत. दिवाळीनंतर कोकणात उतरताना पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे.

मान्यता : कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद. २०२३ मध्ये राज्यगीत ठरलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’मध्येही या तट्टांचा उल्लेख आहे.