खचत्या जमिनीवरील शाळा

इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायरमध्ये खालून कोळसा काढला की वरची जमीन खचे आणि शाळांच्या भिंती तडकत. म्हणून १९५७ साली काही स्थानिक संस्थांनी ‘क्लॅस्प’ ही योजना काढली. खोल पाया नाहीच. काँक्रीटची पातळ लादी, तिच्यावर कारखान्यात तयार झालेले पोलादाचे हलके खांब नि तुळया. सांधे खिळीचे, तिरक्या ताणांत स्प्रिंगा. जमीन हलली की सांगाडाही तिच्याबरोबर हलावा, मोडू नये! खाणमजुरांच्या पोरांना शाळा मिळाल्या, हे मला त्या १९६० च्या मिलानमधील पारितोषिकाहून मोठे वाटते. पण १९७४ साली एडवॉल्टन येथे अशाच बांधणीच्या वृद्धाश्रमात छतावरच्या पोकळीतून आग पसरली. ती अडविणारे पडदे पोकळीत नव्हते. १८ माणसे मेली.