विश्लेषण : लायसन्सच्या नोंदीत मोबाइल नंबर, आधार जोडावा का? जव्हार-मोखाड्यातील चालकांना फायदा काय, धोका कोणता?

भातकापणी उरकली, दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातील अनेक पाडे रिकामे होऊ लागतात. कुटुंबे वसई, भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्टी आणि बांधकामाच्या कामावर जातात. मुक्काम बदलतो, सिमकार्ड बदलते. लायसन्सच्या सरकारी नोंदीत मात्र जुनाच पत्ता आणि बंद पडलेला नंबर राहतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये लायसन्सधारक आणि वाहनमालकांना आधार पडताळणी करून मोबाइल नंबर अद्ययावत करण्याचे आवाहन केले. ही नोंद कशासाठी आणि ती करताना काय सांभाळावे?

माहिती नेमकी कुठे नोंदवली जाते?

लायसन्सची माहिती ‘सारथी’ आणि गाडीची माहिती ‘वाहन’ या प्रणालीत असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात लायसन्सच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद झाली. त्यामुळे मोखाड्यातील चालकाची नोंद नाशिकच्या वा गुजरातच्या हद्दीतही तपासता येते. नाव, जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र, कोणते वाहन चालवण्याची परवानगी आहे आणि मुदत कधी संपते, हे सारे त्यात असते.

नोंद अचूक असण्याचा फायदा काय?

पहिला फायदा अंतराचा. पालघर जिल्ह्याचे परिवहन कार्यालय (एमएच-४८) वसई-विरार भागात आहे. जव्हारहून घाट उतरून विक्रमगड, मनोरमार्गे तिथे जायचे म्हणजे एका बाजूचेच जवळपास शंभर किलोमीटर आणि एका दिवसाच्या मजुरीवर पाणी. नोंदीत चालू नंबर असेल तर नूतनीकरण, दुय्यम प्रत, पत्ताबदल अशा अनेक सेवांचा अर्ज घरून करता येतो. महाराष्ट्रात जून २०२१ पासून शिकाऊ लायसन्सची परीक्षाही आधार पडताळणीने घरून देता येते. पक्क्या लायसन्सच्या चाचणीला मात्र प्रत्यक्ष जावेच लागते.

दुसरा फायदा रस्त्यावरचा. ‘डिजिलॉकर’ किंवा ‘एम-परिवहन’ अ‍ॅपमधील लायसन्स मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहे. लायसन्स पावसात भिजले, हरवले तरी काम अडत नाही. लायसन्सशिवाय गाडी चालवल्यास दंड पाच हजार रुपये आहे. शिवाय अपघात झाल्यावर चालकाकडे वैध लायसन्स होते का, हा विमा दाव्यातील पहिल्या प्रश्नांपैकी एक असतो.

नंबर जुनाच राहिला तर काय होते?

ई-चलनाचा संदेश गाडीच्या मालकाला, ‘वाहन’मध्ये नोंदवलेल्या नंबरवर जातो. नंबर बंद असेल तर दंड झाल्याचे कळतच नाही आणि थकबाकी साचत जाते. म्हणून लायसन्स आणि गाडी, दोन्ही ठिकाणचा नंबर तपासावा लागतो.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग आपला ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडतो.

जुनी दुचाकी ओळखीत विकून कागद तसेच ठेवण्याचीही सवय अनेकांना असते. नाव बदलले नाही तर नव्या मालकाच्या चुकीचे चलन जुन्या मालकाच्या नावावर येते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतर पूर्ण करणे हाच उपाय.

आधार देणे सक्तीचे आहे का?

कार्यालयात न जाता ऑनलाइन सेवा हवी असेल तर आधार पडताळणी लागते. मार्च २०२१ मध्ये १८ सेवांसाठी ही सोय झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती ५८ सेवांपर्यंत वाढली. आधार द्यायचे नसेल तर दुसरे ओळखपत्र घेऊन कार्यालयात जाण्याचा मार्ग खुला आहे. मात्र वसईत राहणाऱ्याला हा पर्याय जितका सोपा, तितका मोखाड्याच्या टोकाला राहणाऱ्याला नाही. कागदावर ऐच्छिक असलेली गोष्ट अंतरामुळे सक्तीसारखी होते, हा आक्षेप इथे खरा ठरतो.

दिलेली माहिती सुरक्षित राहते का?

या शंकेला आधार आहे. २०१९ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की, ‘वाहन’ आणि ‘सारथी’ची माहिती ३२ सरकारी आणि ८७ खासगी संस्थांना उपलब्ध करून देण्यात आली आणि त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले. गोपनीयतेवरून टीका झाल्यावर घाऊक माहिती देण्याचे ते धोरण २०२० मध्ये मागे घेतले गेले. त्यापूर्वीच, ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला होता. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. सरकारी यंत्रणांना या कायद्यात काही सवलती आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवे.

जव्हार-मोखाड्यात खरी अडचण कुठे?

ओटीपीसाठी रेंज लागते आणि अनेक पाड्यांवर ती टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही. आधारला जोडलेला नंबरच बंद असेल तर आधी आधार केंद्र गाठावे लागते. मग काम एजंट किंवा झेरॉक्सच्या दुकानाकडे सोपवले जाते. तिथे आधारची प्रत राहते आणि काही वेळा नोंदीत दुकानदाराचाच नंबर पडतो. तसे झाले की पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो आणि प्रत्येक कामासाठी त्याच्याच दारात जावे लागते.

मग काय करावे?

नोंद टाळून फायदा नाही. लायसन्स काढले तेव्हाच माहिती सरकारकडे गेली आहे. प्रश्न ती बरोबर आहे का आणि तिची किल्ली कुणाच्या हातात आहे, एवढाच उरतो. त्यासाठी :

- नंबर स्वतःचा किंवा घरातील विश्वासू माणसाचाच द्यावा आणि तो रिचार्ज करून चालू ठेवावा.
- पत्ता लिहून ‘परिवहन’चे सरकारी संकेतस्थळ उघडावे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून नाही.
- ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल आली तर उघडू नये. अशा फाइलमधून बँक खाती रिकामी केली जातात. फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करावा.
- प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ चालते का, ते आधी विचारावे.
- लायसन्सची मुदत पाहावी. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

परिवहन कार्यालये तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घेतात. कामासाठी गाव सोडण्यापूर्वी जवळच्या शिबिराची तारीख विचारून ठेवली, तर वसईची फेरी वाचू शकते.