चरबीचे संदेश आणि चढता रक्तदाब

वजन वाढल्यावर हृदयाला अधिक जोर लावावा लागतो आणि म्हणून रक्तदाब चढतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यात तथ्य आहे, कारण शरीराचा आकार वाढला की रक्ताचे आकारमान आणि हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण ही दोन्ही वाढतात. परंतु एवढ्यानेच उलगडा होत असता, तर प्रत्येक अतिस्थूल व्यक्तीचा रक्तदाब चढलेला दिसला असता, आणि तसे दिसत नाही. चरबी हा निव्वळ साठा नसून रक्तात संप्रेरके, म्हणजे दूरच्या अवयवांना आज्ञा देणारी रसायने, सोडणारी ग्रंथीही आहे, हे लक्षात आल्यानंतर या प्रश्नाचा विचार निराळ्या दिशेने सुरू झाला.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये उंदरांतील ज्या जनुकाचा शोध लावला, त्याच्या आज्ञेवरून मेदपेशी ‘लेप्टिन’ नावाचे संप्रेरक तयार करतात. शरीरात चरबीचा साठा पुरेसा आहे, ही वर्दी ते मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला देते आणि त्यामुळे भूक आवरते. त्याचबरोबर ते अनुकंपी चेतासंस्थेला, म्हणजे संकटकाळी हृदयाची गती वाढवणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला, चेतवते. या जाळ्याचे तंतू मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतात, आणि ते उत्तेजित झाले की मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकायचे सोडियम राखून ठेवू लागतात, आणि त्यातून रक्तदाब चढतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा एका अत्यंत दुर्मीळ आनुवंशिक विकारातून मिळाला. काही मोजक्या कुटुंबांतील मुलांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नाही किंवा त्याची खूण ओळखणारे ग्राहक सदोष असतात. अशा मुलांची भूक कधीच शमत नाही आणि अगदी बालपणापासून ती विलक्षण स्थूल होतात. तरीही त्यांच्या शरीरभाराकडे पाहून जेवढा अपेक्षावा तेवढा त्यांचा रक्तदाब वाढलेला नसतो, असे 2014 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. चरबी आहे पण तिचा संदेश पोहोचत नाही, आणि रक्तदाबही चढत नाही. म्हणजेच दाब वाढवण्यात वजनाइतकाच, कदाचित त्याहून अधिक, या संदेशाचा हात असला पाहिजे.

येथे एक शंका रास्त आहे. सामान्य स्थूल माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, मग त्याची भूक का आवरत नाही? मेंदू लेप्टिनला दाद देईनासा होतो, हे त्याचे उत्तर. मात्र हे दुर्लक्ष निवडक असते, असे पुष्कळ संशोधक मानतात. भुकेचे नियंत्रण करणारे मार्ग बधिर होतात, तर मज्जातंतूंना चेतवणारे मार्ग जागेच राहतात, आणि स्थूल व्यक्तीच्या वाट्याला लेप्टिनचा लाभ न येता केवळ त्याचा जाच येतो.

लेप्टिन एकटे काम करत नाही. मेदपेशी अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिनही तयार करतात. त्यापासून पुढे बनणारे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन हे मीठ राखणारे संप्रेरक स्रवू लागते. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की शरीर ते अधिकाधिक स्रवते, आणि मूत्रपिंडांवर त्याचाही परिणाम सोडियम रोखण्याचाच होतो.

आहाराचा संबंध येतो तो नेमका येथे. मूत्रपिंडे सोडियम सहजी सोडेनाशी झाली की तेच मीठ अधिक बाधते. अमेरिकेत 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूल किशोरवयीन मुलांचा रक्तदाब मिठाच्या प्रमाणानुसार लक्षणीय वरखाली होत होता, आणि वजन उतरल्यावर ही संवेदनशीलता कमी झाली. वजन न घटवताही अन्नाचा गुण येतो, हे 1997 च्या ‘डॅश’ चाचणीने सिद्ध केले: 459 प्रौढांचे वजन आणि मीठ स्थिर ठेवून फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ यांनी समृद्ध असा आहार दिला असता, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीच्या आहाराच्या तुलनेत सरासरी 11.4 मिमीने उतरला. अशा आहारातील पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकण्यास मदत करते.

भारतीयांच्या बाबतीत तराजूवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शरीरभार निर्देशांक एकच, 22.3, असूनही याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के आणि युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी भरली, ही 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेलेली तुलना प्रसिद्ध आहे. म्हणूनच येथे कंबरेचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर झाला, की सडपातळ दिसणाऱ्यांनीही रक्तदाब तपासून घेणे इष्ट ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा आहे, आणि मराठी ताटाची डावी बाजूच तिचा मोठा वाटा खाऊन टाकते: लोणच्याची फोड, पापड, तळलेली सांडगी मिरची आणि वर वाढलेले मीठ. पापडखारातही सोडियम असते, हे सहसा ध्यानात येत नाही. त्याच बाजूला कोशिंबीर मात्र पळीभरच पडते; ती वाढवून लोणचे आणि पापड आटोपते घेतले, तर सोडियम घटते आणि पोटॅशियम वाढते. बाजारात पोटॅशियमयुक्त मीठही मिळते, परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा अँजिओटेन्सिनचा प्रभाव रोखणारी औषधे घेणाऱ्यांनी, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण अशा वेळी रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.