पात्याजवळचा डावा हात

पुण्याच्या टिंबर मार्केटजवळचा फर्निचरचा एक छोटा कारखाना. टेबलाच्या फटीतून 10 इंची गोल पातं वर आलेलं. मिस्त्री उजव्या हाताने सागाची फळी पुढे रेटतात आणि डाव्या पंजाने ती बाजूच्या पट्टीला दाबून धरतात. फळी संपत येते तसा उजवा हात पात्याकडे सरकतो. डावा तर सारा वेळ त्याच्यापासून वीतभर अंतरावर. त्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर नाही.

‘लाकडाने मारलं,’ मिस्त्री म्हणतात. लाकूड खरंच मारतं. झाड वाढताना त्यात ताण साठलेला असतो. फळी उभी चिरली की तो मोकळा होतो आणि कधी कधी चीर मिटून पात्याला आवळते. पात्याचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, मागचे मात्र वर उसळत असतात. आवळलेली फळी त्यांच्यावर चढते आणि चिरणाऱ्याच्या अंगावर फेकली जाते. आधार सुटलेला हात जातो तो थेट पात्यावर.

मिनिटाला 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 50. धोका दिसल्यावर हात मागे घ्यायला पाव सेकंद धरला, तरी तेवढ्यात 40 दातांच्या पात्याचे सुमारे 500 दात त्या जागेवरून गेलेले असतात. म्हणून ‘लक्ष कुठे होतं?’ असं जखमी माणसाला विचारणं अन्यायाचं आहे.

चीर मिटू नये म्हणून पात्यामागे पोलादाची पातळ पट्टी हवी, वर झाकण हवं, हाताऐवजी लाकूड रेटायला ढकलकाठी हवी. महाराष्ट्र कारखाना नियम, 1963 मध्ये हे सगळं आहे. या मशीनलाही झाकण होतं. अर्ध्या इंचाच्या पट्ट्या चिरताना ते आडवं येतं म्हणून काढलं. मजुरी नगावर, त्यामुळे परत बसवायला सवड झाली नाही. हातमोजे मिस्त्री घालत नाहीत, ते मात्र योग्यच आहे. मोजा दातांत अडकला तर सगळा पंजा ओढला जातो.

करवत सुरीसारखी कापत नाही. चिरेच्या रुंदीएवढं, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर हाडमांस ती भुगा करून नेते. जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या शल्यविशारदांनी 1965 मध्ये तुटलेला अंगठा पुन्हा जोडला, पण फाटलेल्या कडांचं बोट जोडणं आजही कठीण. तरी प्रयत्न व्हायलाच हवा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरायचा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते खराब होतं. प्रत्येक करवतीशेजारच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं.

1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी गेली तर कमाईक्षमतेची हानी 14 टक्के, एक पेर गेलं तर 9 टक्के धरली होती. रंधा मारून झाला की याच पेराने मिस्त्री फळीवरचा खडबडीतपणा हेरत. आता मधलं बोट फिरवतात आणि खात्री होईना म्हणून पुन्हा फिरवतात.

अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी कातडीचा स्पर्श ओळखणारी करवत बनवली. पात्यातून सौम्य विद्युत संकेत वाहतो. बोट लागताच तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि पातं 5 मिलिसेकंदांच्या आत थांबतं. असं मशीन छोट्या कारखान्याला परवडणारं नाही. पण ढकलकाठी उरलेल्या फळकुटातून होते आणि झाकण तर मशीनबरोबरच येतं. नगाचा दर ठरवताना ते काढण्या-बसवण्याची पाच मिनिटं मालकाने त्यात धरली पाहिजेत. त्या पाच मिनिटांचे पैसे वाचवले, तर ते कामगाराच्या बोटांतून वसूल होतात.