मिरचीच्या रोपांना काथ्याचा भुसा

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या खापरला नारळ येतो तो देवापुढे फोडायला. त्याच्या बागा कोकणात, नाहीतर थेट दक्षिणेत. तरी याच नंदुरबार जिल्ह्यात मिरची-पपईच्या रोपवाटिकेत डोकावलात, तर ट्रेमध्ये माती नसते. तपकिरी भुसा असतो, आणि तो नारळाच्या सोडणाचा.

कचऱ्याचा माल झाला

सोडण कुटून लांब धागा काढला की दोर, पायपुसणी, गाद्या होतात. उरतो तो भुसा, म्हणजे कोकोपीट; वजनाने धाग्यापेक्षा बराच जास्त. त्यात लिग्निन भरपूर आणि नत्र नावापुरते, त्यामुळे तो लवकर कुजत नाही. केरळ-तमिळनाडूत काथ्याच्या कारखान्यांबाहेर त्याचे डोंगर साचत ते याचमुळे. रोपवाटिकेला मात्र हाच दोष फायद्याचा: ट्रेमधला भुसा बसत नाही, वजनाच्या सात-आठपट पाणी धरतो आणि मुळांना हवाही मिळू देतो.

आधी धुवा

सोडणे खाऱ्या पाण्यात मुरवलेली असली तर भुशात मीठ उतरते. नसली तरी पोटॅशियम आणि सोडियम त्यात मूळचेच असतात. या क्षारांनी कोवळ्या रोपाची पाने कडेने करपतात, आणि आपण रोग समजून औषध फवारत बसतो. भुशाची ५ किलोची दाबलेली वीट साधारण २० ते २५ लिटर पाण्यात फुगवावी, मग दोन-तीनदा पाणी बदलून निथळावी. बोअरचे पाणीच खारे असेल तर या धुण्याला अर्थ नाही. क्षारता मोजायचे छोटे मीटर मिळते. आकडा (mS/cm मध्ये) १ च्या आत हवा, रोपांसाठी ०.५ च्या आसपास उत्तम. शेवटी रात्रभर कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात भिजवले तर चिकटलेले सोडियम सुटते. हे काम बहुतेक जण टाळतात. टाळू नये.

ट्रे भरताना

ओला भुसा मुठीत दाबावा. बोटांतून दोन-चार थेंब गळाले तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त. ९८ कप्प्यांच्या ट्रेत तो हलक्या हाताने भरायचा, ठासायचा नाही. प्रत्येक कप्प्यात एक बी, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकतात. कोंब दिसताच मात्र ते लगेच पसरून शेडनेटखाली ठेवावे लागतात.

पाण्यात गफलत हमखास होते. भुशाचा वरचा थर मे महिन्याच्या उन्हात तासाभरात पांढरट पडतो, खाली मात्र ओल असते. वर पाहून पाणी दिले की मर रोगाला आमंत्रणच. ट्रे उचलून पाहावा. हलका लागला तरच झारी घ्यावी. भुशात आधी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळलेली बरी.

खत वेगळेच

कोकोपीटमध्ये रोपाला खायला जवळपास काही नसते. खरी पाने फुटली की पाण्यात विरघळणारे खत थोडे थोडे द्यावे, किंवा सुरुवातीलाच चांगले कुजलेले गांडूळखत मिसळावे.

कुठे वापरू नये

शेकडो किलोमीटरवरून आलेला माल शेतात पसरणे परवडत नाही. तिथे शेणखतच बरे. संकरित मिरचीचे बी महाग, एकेक दाणा जपायचा, म्हणून ट्रेपुरता हा खर्च पटतो.

रोपे विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी एक रोप कप्प्यातून उपसून पाहा. मुळे पांढरी आणि भुशाचा गोळा न फुटता निघाला तर ट्रे घ्या. तपकिरी, कुजकट मुळे दिसली तर तिथेच ठेवा.