मोती न शोधणाऱ्या आमा

जपानच्या किनाऱ्यावर श्वास रोखून समुद्रतळाशी जाणाऱ्या स्त्रियांविषयी आपली जी काही समजूत असते ती बहुधा एखाद्या छायाचित्रावर पोसलेली असते: शुभ्र वस्त्रातील एक तरुणी, तिच्या डोळ्यांवर काचेचा चष्मा, आणि तिच्या मुठीत, आपल्याच कल्पनेने ठेवलेला, एक टपोरा मोती. या चित्रातला चष्मा तेवढा निर्विवाद. बाकीच्या ऐवजाची झडती घेणे प्राप्त आहे.

मोत्यापासूनच आरंभ करू. 'आमा' हा शब्द समुद्र आणि स्त्री या दोन चित्राक्षरांनी लिहितात. मोत्याला त्यात स्थान नाही, आणि या स्त्रियांच्या उपजीविकेतही ते फारसे नव्हते. मिए प्रांतातील शिमा व तोबा येथे काय किंवा इशिकावाच्या हद्दीतील हेगुरा बेटावर काय, त्यांचे लक्ष असते ते एकाच पसरट कवचाखाली खडकाला घट्ट बिलगून बसणाऱ्या 'आवाबी'वर, 'साझाए' नावाच्या शंखावर आणि खाद्य शैवलांवर. आणि याच आवाबीच्या वाळवलेल्या पट्ट्या कुझाकी गावाहून इसेच्या देवस्थानास नजराणा म्हणून रुजू होण्याची वहिवाट शतकानुशतके चालत आलेली आहे.

मग मोती आला कोठून? 1893 साली तोबाच्या परिसरात मिकिमोतो कोकिची यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखविला. शिंपले तळातून वेचून आणणे, आत बीज बसविल्यावर ते पुन्हा तळाशी नेऊन ठेवणे, आणि समुद्राला विषारी लाली चढली की ते तातडीने सुरक्षित जागी हलविणे, ही कामे आमांवाचून होण्यासारखी नव्हती. पुढे शिंपले तराफ्यांना टांगून वाढवू लागले आणि ही मजुरी संपली. उरले ते प्रवाशांपुढचे प्रात्यक्षिक. अशाच पिकविलेल्या मोत्याने इराणी आखातातील मोत्यांचा व्यापार बुडविला, ज्याची एक मोठी पेठ आपली मुंबई होती. गंमत अशी की, आजीच्या नथीतला बसरा मोती ज्या आखातातून येई, तेथे बुडी मारणारे सारे पुरुष होते.

शुभ्र वस्त्राची हकीकतही अशीच आहे. ते पुरातन असल्याचा बोलबाला फार. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक गावांच्या आमा केवळ कटिवस्त्र नेसून पाण्यात उतरत. फोस्को माराइनी या इटालियन प्रवाशाने 1954 साली हेगुरावर घेतलेली छायाचित्रे याचा दाखला आहेत. पांढरा पोशाख रूढ झाला तो मुख्यतः पाहणाऱ्यांच्या मर्यादेखातर, आणि 1960 नंतर त्याची जागा काळ्या रबरी पोशाखाने घेतली. मस्तकावरच्या फडक्याची श्रद्धा मात्र टिकून आहे: त्यावर एकाच रेषेत काढलेला तारा असतो, जो जेथे सुरू होतो तेथेच संपतो, म्हणजे गेलेली बाई परत येते.

त्यांच्या श्वासाविषयी अद्भुत कथा सांगितल्या जातात. प्रत्यक्षात एक बुडी बहुधा मिनिटभराच्या आतच आटोपते. वर आल्यावर ऐकू येणारी करुण शीळ हाही इशारा नव्हे, तर कोंडलेला श्वास सोडण्याची रीत होय. त्या तरुणीच असतात म्हणावे, तर आज बहुसंख्य आमा साठी ओलांडलेल्या आहेत; आणि हे काम स्त्रियांखेरीज कोणी करीत नाही म्हणावे, तर पुरुष पाणबुड्यांसाठीही हाच उच्चार असलेला, केवळ अक्षराने वेगळा, शब्द आहे.

युनेस्कोच्या यादीविषयीही गफलत होते. 2016 साली त्या यादीत नोंद झाली ती कोरियाच्या जेजू बेटावरील 'हेन्यो' स्त्रियांची. तोबा-शिमाच्या आमांना 2017 साली जपान सरकारने आपल्या लोकवारशात मान्यता दिली.

सर्वांत अन्यायकारक गैरसमज हा की, हवेची नळकांडी न वापरणे हे त्यांचे मागासलेपण. वस्तुतः नळकांड्यांना तेथे मनाई आहे. मच्छीमारांची सहकारी संस्था कोणत्या दिवशी व किती वेळ बुडी मारावी हे मुकर्रर करते, आणि मिए प्रांतात 10.6 सेंटिमीटरहून लहान आवाबी घेता येत नाही. शैवलांची राने उजाड होत चालल्याने आवाबी मुळातच दुर्मीळ झालेला. तरीही पन्नास सेकंदांच्या श्वासातले बरेचसे खर्चून खडकापासून सुटा केलेला जीव मापाला भरला नाही, तर बाई तो पुन्हा खडकालाच लावते आणि रित्या हाताने वर येते.