भंडारदऱ्याच्या काठी राहुटी

पुणतांब्यास चांगदेवांच्या समाधीचे दर्शन घेऊन नदीकाठी उभे राहिले असता, पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखाची कल्पना येते. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, घाटघरच्या बाजूस, याच्या कित्येक पट पर्जन्यवृष्टी होते. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेचे हे पाणी अडविण्यासाठी 1910 साली भंडारदऱ्यास धरणाचे काम आरंभिले गेले व 1926 साली ते पुरे झाले. सुमारे 82 मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत उंच होती. 1969 साली तिला तडे गेले, तेव्हा मागून आधारभिंती बांधून तिला बळकटी आणावी लागली.

संगमनेर, अकोले व राजूर या मार्गाने शेंडी गावी पोहोचल्यावर पुष्कळ मंडळी राहुटी अगदी पाण्याला लागून ठोकतात. हे शहाणपणाचे नव्हे. जलाशय पावसाळ्यात भरतो व पुढे शेतीची आवर्तने सुटू लागली, की पाणी हळूहळू मागे हटते. उघड्या पडलेल्या गाळावर वाळकी खपली दिसते, परंतु तिच्याखाली पाय गुडघ्यापर्यंत रुततो. उलट पावसाळ्यात एका रात्रीत पाणी चढून येते. खडकावर मागील भरतीची जी पांढुरकी रेघ राहते, तिच्याही वर राहुटी असावी.

मासेमारीची गोष्ट अधिक नाजूक आहे. राज्यातील पुष्कळ जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडतात आणि मासे धरण्याचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. पाहुण्याची करमणूक ती तेथे दुसऱ्याची भाकरी! म्हणून गळ टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी. लगतच्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात तर गळ बाहेर काढूच नये. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेल्या माद्या ओढ्यांच्या तोंडाशी प्रवाहाविरुद्ध चढतात. यालाच वलगण म्हणतात. त्या वेळी मासे हाती सहज लागतात खरे, पण एक मादी धरली म्हणजे हजारो पिले बुडाली.

सायंकाळी रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन देवालय अवश्य पाहावे. मेअखेर व जूनच्या आरंभी झाडे काजव्यांनी लखलखतात. या प्रकाशाच्या खुणेनेच नर व मादी परस्परांस शोधतात. तेव्हा विजेरी विझवूनच झाडाखाली उभे राहावे.